शेजाऱ्याची भाषा

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण आज संगणकाच्या कामासाठी हैदराबादेस व बेंगळुरास जाऊन राहिले आहेत. संगणकाच्या चार-पाच भाषा त्यांस अवगत असतात, आणि कामात नवी लागली तर तीही ते थोड्या दिवसांत हस्तगत करतात. परंतु त्यांतील कित्येकांच्या जिभेवर तेथे दहा वर्षे काढूनही तेलुगू किंवा कन्नड येत नाही. विचारावे तर उत्तर तयार असते : गरज पडत नाही. कचेरीत इंग्रजी चालते, बाजारात हिंदी, आणि उरलेले हातातला फोन भाषांतर करून देतो. ह्या उत्तरात खोटे काही नाही. तेव्हा प्रश्न असा, की गरज नसताना शेजाऱ्याची भाषा शिकणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे काय?

लॅरी वॉल ह्या अमेरिकन गृहस्थांनी १९८७ साली 'पर्ल' नावाची संगणकाची भाषा प्रसिद्ध केली. त्यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे. जिला अद्याप लिपी नाही अशी एखादी भाषा शोधावी, तिला लिपी द्यावी आणि तीत पवित्र शास्त्र उतरवावे, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा बेत होता. प्रकृतीच्या कारणाने तो राहून गेला. आपल्या भाषेचे नाव त्यांनी मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील मोलवान मोत्याच्या दाखल्यावरून घेतले. माणसाच्या बोलण्याची काही लक्षणेही तीत मुद्दाम आणली : एकच गोष्ट अनेक प्रकारे सांगता यावी, आणि शब्दाचा अर्थ संदर्भावरून ठरावा. (तीत 'आशीर्वाद दे' अशी एक आज्ञादेखील आहे!) इतके करूनही नको तेथे एक अर्धविराम गाळा, यंत्र पुढे जाणार नाही.

माणसांत निराळे घडते. मोडकेतोडके तेलुगू बोलणाऱ्यास भाजीवाली हसते, त्याचे वाक्य नीट करून देते आणि वर चार मिरच्या टाकते. चुकीमुळे संभाषण थांबत नाही, पुष्कळदा तेथूनच सुरू होते. मात्र यंत्रावर हुकमत चालविणाऱ्या शिकलेल्या माणसास भाजीवालीचा शिष्य व्हावे लागते, आणि आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. वेळ नाही ही सबब आम्हांस फारशी पटत नाही.

शिवाय भाषेत असे काही असते की ते नियमाने सुटत नाही. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असे दोन शब्द आहेत. आपल्या 'आम्ही' व 'आपण' ह्यांसारखेच. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. इंग्रजीत हा भेद नाही, नव्या कराराच्या ग्रीकमध्येही नाही. आता मार्काच्या चौथ्या अध्यायातील वादळ पाहा. तारू बुडू लागले तेव्हा शिष्य प्रभूस उठवून बोलले, त्या वेळी त्यांच्या मनात 'आम्ही बुडतो' असे होते की 'आपण बुडतो' असे? मूळ शब्द एकच. निवाडा भाषांतरकारास करावा लागतो, आणि तो करण्यासाठी शिष्य प्रभूस आपल्याच तारवात धरीत होते की नव्हते, हे आधी मनाशी ठरवावे लागते. फोनही दोहोंपैकी एक शब्द देईलच. पण त्या तारवात तो बसलेला नसतो.

विल्यम केरी हे मूळचे जोडे शिवणारे. बंगालमधील श्रीरामपुरास राहून ते मराठी शिकले, पंडित वैजनाथ ह्यांच्याजवळ बसून. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापून निघाले व नवा करार १८११ साली. पुस्तकावर नाव केरींचे आले. पण पंडितांकडून रोज आपल्या चुका सुधारून घेण्याची ती वर्षे आम्हांस त्या पुस्तकांइतकीच मोलाची वाटतात.

फोनची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. अपरात्री रुग्णालयात डॉक्टरांना दुखणे सांगायचे असेल तर तो खुशाल वापरावा. परंतु ज्या माणसांच्या गल्लीत आपण घर घेतले, ज्यांच्या मुलांबरोबर आपली मुले शाळेत जातात, त्यांच्याशी जन्मभर 'मेमु'च्या अंतरावरून वागणे शेजारधर्माच्या आज्ञेत बसत नाही, असे आमचे मत आहे. आपले वाडवडील ह्याच गावांत येऊन राहिले आणि तेथील भाषा अंगणातच शिकले. त्यांनाही व्यवहारापुरती हिंदी पुरली असती.

प्रेषितांच्या कृत्यांत, यरुशलेमेतील गोंधळात, पौल सरदाराशी ग्रीक भाषेत बोलला. मग पायऱ्यांवर उभा राहून तो लोकांकडे वळला आणि त्यांच्या इब्री भाषेत बोलू लागला, तेव्हा ते अधिकच शांत झाले. पुढे परराष्ट्रीयांचे नाव निघताच त्यांनी पुन्हा आरडाओरड केली, हेही त्याच अध्यायात लिहिले आहे. तोपर्यंतची साक्ष मात्र त्यांनी ऐकून घेतली होती.