ओल्या चादरीचा न्याय

लघवीचा वेग आवरणें हा मनुष्यास मिळणारा बहुधा पहिला नीतिपाठ होय. तीन-चार वर्षांच्या मुलास आपण ‘शहाणा झाला’ म्हणतों तें पुष्कळदां याच कारणानें. तेंच मूल आठव्या-नवव्या वर्षीं पुन्हां अंथरूण भिजवूं लागलें, तर त्यास आळशी किंवा द्वाड ठरवावयास घरांत कोणासहि उशीर लागत नाहीं. हा निवाडा न्याय्य आहे काय?

स्तुति आणि निंदा स्वेच्छेनें केलेल्या कृत्यांसाठीं. अनिच्छेनें घडलेल्यांस क्षमा, क्वचित् करुणाहि, असें ॲरिस्टॉटलनें मानलें. आतां शरीराची व्यवस्था पाहा. मूत्राशय भरल्याची वर्दी पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूच्या वाटेनें मेंदूस पोंचते. ‘आतां नको’ हा हुकूम मेंदूच्या पुढच्या भागांतून निघून, त्याच्या बुंध्याशीं असलेल्या केंद्रामार्फत, रज्जूच्या खालच्या टोकापर्यंत जातो. या वाटेंत कोठें गांठ वाढली, कीं ज्यास आपण संयम म्हणतों तो खुंटतो. कधीं लघवी नकळत गळते, कधीं तुंबून मूत्रपिंडांस इजा करते. पीयूषिका ग्रंथीजवळ गांठ झाल्यास मूत्रपिंडांस पाणी राखावयास सांगणारा रसच आटतो. मग मूल रात्रभर पाणी मागतें आणि रात्रभर उठतें.

कोणी विचारील, आईबापांनीं प्रत्येक ओल्या चादरीमागें गांठ शोधावी काय? नाहीं, अशा गांठी विरळा, व अंथरूण भिजविणाऱ्या बहुतेक मुलांस तसें कांहीं नसतें. आमचा आक्षेप अज्ञानावर नाहीं, निंदेवर आहे. झोपेंतील कृत्य स्वेच्छेचें नव्हे, हें समजावयास वैद्यक शिकावें लागत नाहीं. शिवाय निंदेनें मूल लाजतें आणि लाजेनें लपवितें. पाठ दुखते, चालतांना पाय अडखळतो, शौचास साफ होत नाहीं, हेंहि मग तें सांगत नाहीं. आणि जीं लक्षणें एकत्र ऐकून डॉक्टर सावध झाला असता, तीं त्या चादरीबरोबरच दडून राहतात.

गांठ काढल्यावरहि ताबा परत येईलच असें नाहीं. मूत्राशय नळीनें रिकामा करावयास नळी निर्जंतुकच हवी असें नाहीं, स्वच्छ असली तरी पुरते, हें मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनीं १९७२ सालीं दाखवून दिलें. तेव्हांपासून शाळकरी मुलेंहि दिवसांतून चार-पांच वेळां हें काम स्वतः करावयास शिकलीं आहेत. आमच्या कित्येक वर्गांत मात्र लघवीस जाण्याची परवानगी अजूनहि साऱ्यांदेखत मागावी लागते, आणि कांहीं गुरुजी ती घंटा होईपर्यंत देत नाहींत. नळीची वेळ झालेल्या मुलानें तेव्हां काय करावें?