फियेस्टा, मिलिंदाचा रथ आणि माळवद

सोलापूरच्या मिस्त्रीनं फियेस्टा उघडला आणि म्हणाला, "सर, मोटर चांगलीय. पण रबरी चाक कडक झालंय, सुई गेलीय, कार्ट्रिज, वायरी सगळं बदलावं लागतंय. त्यापरीस नवा घ्या की." एचएमव्हीचा हा पेटीतला रेकॉर्ड प्लेयर माझ्या वडिलांचा. भीमजयंतीच्या दिवसांत आमच्या उमरग्याच्या घरी प्रल्हाद शिंद्यांच्या तबकड्या यावरच लागायच्या. मुलगा मिस्त्रीच्या बाजूचा. बायकोचं एकच म्हणणं: मामंजींची वस्तू आहे, सगळं बदललं तरी चालेल, पण तीच राहू दे.

सगळं बदलून तीच कशी राहील? मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेल्या या कॉलेजला ज्या ग्रीक राजाचं नाव आहे, त्याला भिक्खू नागसेनानं हेच विचारलं होतं. रथातून आलास ना? मग रथ कोणता? चाक? आस? जू? एकेक भाग बाजूला ठेवत गेलं की रथ असा वेगळा हाती लागत नाही. त्या जोडणीला दिलेलं ते नाव. 'वडिलांचा फियेस्टा' हेही तसंच एक नाव. बायकोला हे पटलं नाही आणि तिचं पूर्ण चुकतं असंही नाही, कारण नागसेन रथ दुरुस्त करावा की नवा घ्यावा, ते सांगत नाही.

ते आमच्या भागाला भूकंपानं सांगितलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत आणि तेव्हा आमच्याच तालुक्यात असलेल्या सास्तूरला माणसं दगडमातीच्या भिंतींखाली, माळवदाच्या मातीखाली गेली. घर पणजोबांनी बांधलेलं आहे म्हणून त्या मातीचं वजन कमी झालं नाही. पुढं काही गावं नव्या जागी वसली, काही घरं मजबूत करून जागच्या जागी राहिली. जुनं की नवं, यापेक्षा मोठा प्रश्न होता: आत झोपलेला माणूस वाचेल का?

माझ्या पेटीपुरता तो आतला माणूस म्हणजे तबकडी. जुनं सिरॅमिक कार्ट्रिज खाचेवर चार-पाच ग्रॅमचा भार टाकतं, हल्लीचं मॅग्नेटिक दीड-दोन ग्रॅमचा. झिजलेली सुई तर खाच कुरतडतेच, आणि गेलेली खाच कुठलाही मिस्त्री भरून देत नाही. फियेस्टात मॅग्नेटिक बसवायचं तर त्याचा जड दांडा बदला, अॅम्प्लिफायर बदला. राहिली नुसती पेटी.

तरी 'सगळं अनित्य आहे' म्हणून जुनं भंगारात टाकणारे मला आवडत नाहीत; अनित्यता दुकानदाराच्या फार सोयीची असते. विनयपिटकात उदेन राजा आनंदाला विचारतो, नवी चीवरं मिळाल्यावर जुन्यांचं काय करता? आनंद सांगतो, त्यांची पांघरुणं करतो, मग गादीची खोळ, मग जमिनीवरचं अंथरूण, मग पायपुसणं, शेवटी चिंध्या मातीत कालवून भुई लिंपतो. नवं घेण्याला तिथं आडकाठी नाही, जुनं वाया घालवण्याला आहे.

तेव्हा नवा घेतोय. फियेस्टाची मोटर मिस्त्रीकडे जाईल, दुसरा कुणाचा तरी चालू होईल. पेटी बायकोनं ठेवून घेतली आहे, मी वाद घातला नाही. तुमच्याकडेही माळ्यावर तबकड्या असतील तर त्या जुन्या सुईखाली घालू नका. आधी सुई बदला, प्लेयरचं मग बघा.