जिना, उद्वाहन आणि उपकार

परोपकार हा सद्गुण आहे, याविषयी वाद नाही. परंतु एखाद्यास पदोपदी परोपकाराची याचना करावी लागेल अशी व्यवस्था आपणच करून ठेवावयाची, आणि मग तो उपकार केल्याचे समाधानही आपणच मानावयाचे, यास सद्गुण म्हणावे काय?

आमचे एक जन्मांध विद्यार्थी आज स्वतः अध्यापक आहेत. एका नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांचे काम होते. तेथील उद्वाहनात आकडे होते ते सपाट काचेवर; बोटास उंचवटा लागत नव्हता, की मजल्याची घोषणा कानी पडत नव्हती. शेवटी एका अपरिचित गृहस्थाने त्यांच्यासाठी कळ दाबली. "गृहस्थ भले होते," ते आम्हांस म्हणाले, "पण सर, मला उपकार नको होता, पाचवा मजला हवा होता."

मूठभर लोकांसाठी एवढी यातायात कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचा प्रतिप्रश्न असा, की जिना तरी काय आहे? धडधाकट मनुष्यही पाचव्या मजल्यावर उडून जात नाही. पायऱ्या ही त्याच्यासाठी केलेली सोयच होय. 1857 साली न्यूयॉर्कमधील एका पाच मजली दुकानात ओटिस यांचे प्रवासी उद्वाहन बसले, तेही चालत्या पायांचे श्रम वाचविण्यासाठीच. या सोयींना दया असे कोणी म्हटले नाही. मग चाकांच्या खुर्चीवरून हात पोचेल इतक्या उंचीवरील कळा, त्यांवरील उठावाचे आकडे व ब्रेल अक्षरे, वर जाताना एक व खाली जाताना दोन घंटा, बहिऱ्यांसाठी दिव्याची खूण, आणि खुर्ची मागे घेताना दार दिसावे म्हणून समोर आरसा, एवढ्यांनाच दया का म्हणावे?

नकाशा काढतेवेळीच हे योजिले, तर खर्च थोडा येतो. पुढे भिंत फोडण्याची पाळी आली म्हणजे तो डोंगराएवढा दिसू लागतो. 2016 च्या कायद्याने दिव्यांगांचा हक्क मान्य केला. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीदाखल ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. तथापि कायद्याचा अंमल नकाशा मंजुरीस आल्यावर सुरू होतो. अन्याय त्याहून आधी, नकाशा काढणाऱ्याने 'मनुष्य' म्हणून कोणाचे चित्र डोळ्यांपुढे आणले, तेथेच घडून गेलेला असतो.