एका सामन्याचा हंगाम

आपल्याकडे आंब्याचा हंगाम असतो, लग्नसराईचा असतो. शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलचा नसतो. असते ती स्पर्धा, आणि तीही बहुधा बाद पद्धतीची. जून-जुलैपासून सराव करायचा, पहिलाच सामना हरलात तर भेटू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी दहावी असेल तर तेही नाही.

असाच एक सामना कल्याणला पाहिला. रात्री पाऊस पडून गेलेला, सिमेंटच्या कोर्टच्या एका कोपऱ्यात शेवाळ. पीटीच्या सरांनी तिथं गोणपाट फिरवलं. डोंबिवलीच्या संघातली एक बुटकी मुलगी दर दोन मिनिटांनी तळहातानं बुटांचे तळवे पुसत होती. बूट घासून गुळगुळीत झालेले. शेवटच्या मिनिटाला तिला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही रिंगला लागून बाहेर. सामना गेला, आणि सगळं वर्षही.

हा खेळ अमेरिकेत जन्मला १८९१ च्या डिसेंबरात, पीचच्या टोपल्या टांगून. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवला, पण कोर्टचे तीन भाग पाडून. आपल्या भागाची रेषा ओलांडायची नाही. मुलींना इतकी धावपळ झेपायची नाही, असा तेव्हाचा समज. आयोवा राज्यात तर सहा-सहा मुलींचा, अर्ध्या कोर्टात अडकवलेला खेळ शाळांमधून १९९३ पर्यंत टिकला. मात्र त्या अडकलेल्या मुलींना हिवाळाभर सामने मिळायचे. मंगळवारी हरलं तर शुक्रवार होता. आपल्या मुलींना २८ मीटरचं अख्खं कोर्ट मोकळं आहे, फक्त शुक्रवार नाही.

बाद पद्धत स्वस्त पडते, हे खरं. सोळा संघांची स्पर्धा पंधरा सामन्यांत आटोपते, पण त्यातले आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात. चार-चारचे चार गट पाडून साखळी खेळवली, तर उपांत्य आणि अंतिम धरून सत्तावीस सामने होतात आणि प्रत्येकीला किमान तीन मिळतात. वाढले ते बारा सामने. म्हणजे एका कोर्टवर दोन दिवस, पंचांचं मानधन आणि चहा-वडापाव. एवढ्यावर अडतं असं मला वाटत नाही. अडतं ते हेतूवर. आपली शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशी चाळणी लावायला उभी केलेली आहे. दहावीचे सवलतीचे गुणही त्या चाळणीच्या पातळ्यांना बांधलेले. खेळायला मिळावं म्हणून स्पर्धा, हा विचारच त्यात बसत नाही.

आणि चाळणीलाही तोटाच होतो. २०१७ मध्ये बेंगळुरूला भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाचा ब गट जिंकला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोन गुणांचा सामना हातातून निसटू न देणं ही सवय आहे, आणि ती आधी असे कितीतरी सामने निसटल्याशिवाय लागत नाही.

परतताना त्या मुली कल्याणच्या फलाटावर होत्या. बॉल जाळीच्या पिशवीत, पिशवी सरांच्या खांद्यावर. ती बुटकी मुलगी घोळक्यापासून जरा लांब उभी राहून रिकामा हात वर नेत होती, मनगट सोडत होती, परत वर नेत होती. गाडी लागली तेव्हा मैत्रिणीनं तिला दंडाला धरून लेडीज डब्यात ओढलं.