शेवटच्या थरावरची संमती

दहीहंडीच्या मनोऱ्यात वजन वर जाईल तसे कमी करत न्यावे लागते. बेसला खांद्याने रुंद, वयाने मोठे गडीही चालतात, मधल्या थरांना चपळ तरुण लागतात आणि त्याच्या वर येतात ते एकेका माणसाचे थर, म्हणजे एक्के. शेवटचा एक्का जितका हलका, तितका खालच्यांचा भार कमी. पंचवीस-तीस किलो वजनाचा सज्ञान माणूस सहसा सापडत नाही. त्यामुळे आठ-नऊ थर लावायचे ठरले, की टोकाला लहान मूल चढवण्याचा मोह त्या ठरण्यातच आलेला असतो. मूल पडले तर जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना लोक अपघाताच्या क्षणाकडे पाहतात: कोणाचा पाय सरकला, कोणाचा खांदा हलला. उत्तर त्याच्या बरेच आधी, उंची आणि बक्षीस ठरवणाऱ्या बैठकीत सापडते.

या प्रश्नावर महाराष्ट्रात झालेली मोठी न्यायालयीन लढाई नुकसानभरपाईची नव्हती, जनहित याचिकेची होती. ११ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. पी. डी. कोदे यांच्या खंडपीठाने १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागाला मनाई केली आणि मनोऱ्याची उंची २० फुटांवर रोखली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. ती त्या वर्षापुरतीच होती हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले आणि बंधने परत आली. त्या वर्षी ठाण्यात कायदेभंग म्हणून मुद्दाम उंच हंडी बांधली गेली. पुढे ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न सरकारवर सोडला आणि १४ वर्षांखालील मुलांना चढू दिले जाणार नाही, ही सरकारची ग्वाही मान्य केली. चौदाचा हा आकडा बालमजुरीविरोधी कायद्यातल्या ‘बालक’ या व्याख्येतून आला. कारखान्यात राबण्याचे वय आणि मनोऱ्यावर चढण्याचे वय एकाच मापाने ठरावे, हे जरा विचित्रच. पण काहीच माप नसण्यापेक्षा ते बरे.

दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा २०१५ मध्ये दिला गेला आणि २०२२ मध्ये सरकारने तो पुन्हा जाहीर केला. या दर्जाने गोविंदांना प्रतिष्ठा मिळाली, क्रीडा कोट्यातल्या नोकरीची आशाही दाखवली गेली. त्याचा दुसरा परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. खेळ म्हटला की जोखीम पत्करली, असे गृहीत धरले जाते. ज्याने समजून-उमजून धोका स्वीकारला त्याला त्या धोक्याबद्दल तक्रार करता येत नाही, हे जुने कायदेतत्त्व आहे. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८७ खाली त्याचे उदाहरणच होते: दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी करायचे ठरवतात, तेव्हा नियम न मोडता होणारी इजा सोसण्याची संमती त्या ठरवण्यात असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम २५ झाले, उदाहरण तेच राहिले. आणि तेव्हा होती तीच अटही राहिली: संमती देणारा १८ वर्षांवरचा हवा.

म्हणजे खालचे थर आणि शेवटचा थर कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागी उभे असतात. बेसचा गडी पडणे-लागणे गृहीत धरून उभा राहतो. शेवटच्या एक्क्याला ते गृहीत धरताच येत नाही, मग तो कितीही हौसेने चढो. मंडळाने त्याची सही घेतली तरी तिला किंमत नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात सांगून ठेवले आहे. वडिलांनी हमीपत्र भरले, तर त्या कागदावरून वडिलांना माहिती होती एवढे सिद्ध होते. मंडळाचा निष्काळजीपणा त्याने धुऊन निघत नाही. पालकांची चूक मुलाच्या माथी मारून त्याची भरपाई कापायची नाही, हेही कायद्यात मान्य झालेले तत्त्व आहे.

सज्ञानाची संमतीसुद्धा अमर्याद नसते. इंग्लंडमध्ये १९९१ साली १९ वर्षांखालील मुलांच्या रग्बी सामन्यात स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंची एकमेकांना भिडलेली रेटारेटी, वारंवार कोसळत राहिला, पंचाने त्यासाठीचे सुरक्षानियम पाळून घेतले नाहीत आणि सतरा वर्षांच्या खेळाडूची मान मोडली. पंचाच्या वतीने बचाव केला गेला, की मुलगा स्वखुशीने पुढच्या फळीत खेळत होता. १९९६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. खेळाडूने खेळातल्या नेहमीच्या धोक्याला होकार दिला होता. त्याला जपण्यासाठी केलेले नियम कोणी मोडावेत, याला नाही. भारतात याच्या जवळ जाणारा दाखला खेळाचा नाही, सहलीचा आहे. १९९५ च्या मे महिन्यात डलहौसी पब्लिक स्कूलचे १४ विद्यार्थी बियास नदीत बुडाले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये देण्याचा आदेश कायम ठेवला. मुले ज्यांच्या ताब्यात दिली, त्यांनी आईबापाच्या जागी उभे राहून काळजी घ्यायला हवी होती, हा त्यामागचा विचार.

हीच फूटपट्टी मनोऱ्याला लावली, की प्रश्न सुटसुटीत होतात. खाली मऊ गाद्या होत्या का? वरच्या मुलाला हेल्मेट आणि दोराचा पट्टा होता का? सराव किती दिवस झाला, दारू पिऊन कोणी बेसला उभे होते का, रुग्णवाहिका जवळ होती का? २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सरावात अकरा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला, तेव्हा पोलिसांनी पथकाच्या अध्यक्षावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. सराव हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. दहीहंडीच्या दिवशी कॅमेरे असतात, पोलीस असतात, पुढारी असतात. महिनाभर आधीपासून रात्री गल्लीत चालणाऱ्या सरावाला यांतले कोणीच नसते, आणि वयाचा नियम तिथे कोण तपासणार?

गुन्हा नोंदवणे हे पोलिसांचे काम. दावा लावणे कुटुंबाचे, आणि तसे दावे जवळजवळ होतच नाहीत. टेमघरसारख्या ठिकाणी त्याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. कल्याण-भिवंडी रस्त्यावरची ही वस्ती यंत्रमागांच्या शहराला लागून आहे आणि ठाण्याच्या लाखमोलाच्या हंड्या टेम्पोच्या टप्प्यात आहेत. मागावरचा कामगार मीटरवर मजुरी घेतो. कोर्टाची एक तारीख म्हणजे एक खाडा. मंडळाचा अध्यक्ष हा शेजारी असतो, कधी नात्यातला, कधी मुलाला दवाखान्यात उचलून नेणारा आणि बिलासाठी वर्गणी गोळा करणाराही तोच. त्याच्यावर दावा लावायचा म्हणजे गावकीतून उठायचे. तेव्हा ‘नशिबात होतं’ म्हणून विषय मिटवला जातो. या मिटवण्याला क्षमा म्हणणे कठीण आहे. क्षमा करणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक असावी लागते.

दावा आणि नशीब यांच्या मधली जागा आता विम्याने घेतली आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने प्रत्येकी ७५ रुपयांच्या हप्त्यात ५० हजार गोविंदांचा विमा उतरवला. २०२५ मध्ये हे संरक्षण दीड लाख गोविंदांपर्यंत वाढवले. मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये मिळतात. हे चांगले झाले, कारण पैसा वेळेवर हाती येतो आणि शेजाऱ्याचे नाव आरोपी म्हणून घ्यावे लागत नाही. तरी एक गोष्ट खटकते. विमा पैसे देतो, पण गाद्या होत्या का हे त्याच्या हिशेबाच्या बाहेरच राहते. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघाती इजेसाठी दोष न शोधता भरपाई देण्याची योजना चालवली आणि त्या बदल्यात इजेच्या भरपाईचे दावे बंद केले. तिथली यंत्रणा तेवढ्यावर थांबली नाही. भरपाईच्या अर्जांतून कोणत्या खेळात, कशामुळे, कोणता अवयव जायबंदी होतो हे कळत गेले. २००१ मध्ये रग्बी प्रशिक्षकांसाठी सक्तीचा सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि स्क्रममधल्या मणक्याच्या गंभीर इजा घटल्या. पैसे देणाऱ्याने कारणही विचारले, तर त्यातून खेळ सुधारतो.

कारण विचारणे आणि दोषी धरणे ही दोन वेगळी कामे आहेत. सिडनीत नोव्हेंबर २०१४ मध्ये क्रिकेटपटू फिलिप ह्यूजच्या मानेवर चेंडू बसला आणि दोन दिवसांनी तो गेला. २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचे कारण तपासणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने, खुली चौकशी केली, कोणालाच दोष दिला नाही, आणि मानेच्या संरक्षक पट्टीपासून मैदानावरच्या वैद्यकीय मदतीपर्यंत शिफारशी केल्या. आपल्याकडे पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, घातपात नाही असा शेरा पडतो. पुढच्या वर्षीच्या पथकाने काय बदलावे, हे त्या कागदात कुठेच लिहिलेले नसते. जो मरत नाही, पण ज्याच्या कमरेखालची संवेदना कायमची जाते, त्याच्यासाठी बहुधा एवढाही कागद होत नाही.

जबाबदारीची वाटणी निर्णयाच्या आकाराप्रमाणे व्हायला हवी. वडिलांनी पाठवले, हा निर्णय होता. प्रशिक्षकाने पाच थरांवर न थांबता सातवा लावला, हा त्याहून मोठा. थरागणिक बक्षीस वाढवणाऱ्या आयोजकाचा निर्णय सर्वांत मोठा, आणि तोच अपघातानंतर सर्वांत कमी विचारला जातो. ठाण्यात २०१२ मध्ये नऊ थरांचा ४३.७९ फुटांचा मनोरा जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला, २०२५ मध्ये तिथेच दहा थर लागले. उंचीला भाव लावणारा आयोजक ‘आम्ही कोणाला चढा म्हटले नाही’ असे म्हणू शकतो. शब्दशः ते खरे असते. पण आठव्या थराला एक रक्कम आणि नवव्याला तिच्या कितीतरी पट, असा फलक लावल्यावर सांगायचे काय उरते? हेच बक्षीस थरांऐवजी स्वच्छ उतरण्याला, पट्टे-हेल्मेटला आणि संपूर्ण सज्ञान पथकाला लावता येते. तसे केले तर वरच्या मुलाची गरजच कमी होते.

राहिले ते मूल स्वतः. त्याच्या पायाचा धक्का लागून दुसरा पडला, तर सात वर्षांखालच्या मुलाला कायदा गुन्हेगार मानत नाही आणि सात ते बारा वयात त्याची समज पाहतो. पथकातल्या मोठ्यांनी ‘तुझ्यामुळे हंडी गेली’ म्हणताना एवढा विवेक क्वचित दाखवलेला असतो. जखमी मुलाच्या बाबतीत तोच कायदा वाट पाहतो. अज्ञानपणी त्याच्या वतीने एखादा सज्ञान माणूस ‘वादमित्र’ म्हणून दावा लावू शकतो. कोणी लावला नाही, तरी १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ६ आणि ८ नुसार सज्ञान झाल्यावर त्याला स्वतःच्या नावाने दावा लावायला मुदत मिळते, जास्तीत जास्त तीन वर्षे. अकराव्या वर्षी पडलेल्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत विचारता येते, की त्या रात्री खाली गादी का नव्हती.