मुरलेले पाणी

सायकलचा पुरस्कार करणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एक वाक्य हमखास येते : मोटारीतला माणूस निसर्ग पाहायला जातो, सायकलवाला निसर्गात जातो. वाक्य गोड आहे, पण ते इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की ते जरा घासून पाहावेसे वाटते. आणि त्यासाठी सावंतवाडीहून आंबोलीला चढणाऱ्या सुमारे ३० किलोमीटरच्या रस्त्यासारखी दुसरी सोयीची जागा नाही. दाणोलीनंतर लागणारा घाट, पावसाळ्यातले धुके, धबधब्यापाशी होणारी गर्दी आणि भाजल्या कणसांचा वास यांचे वर्णन आता कोणाला नको आहे.

लक्षात घ्यायचा तो एक भेद. घाटातला धबधबा म्हणजे प्रामुख्याने आजचे पाणी : काल-आज पडलेला पाऊस कड्यावरून पश्चिमेकडे कोसळतो, आणि पाऊस सरला की त्याचा आवाजही सरतो. आंबोली गावाजवळच्या गुहेतून निघणारी हिरण्यकेशी हे मात्र मुरलेले पाणी. माथ्यावरच्या सपाट, उघड्या खडकाळ पठाराला ‘सडा’ म्हणतात. तेथील जांभा दगड मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असल्याने पाऊस त्यात जिरतो, खालच्या घट्ट थरावर अडतो आणि सावकाश वाट काढत उताराच्या कुशीतून बाहेर येतो. विहीर खणताना ‘जिवंत झरा लागला’ असे म्हणतात ते याच अर्थाने. हे पाणी पूर्वेकडे वळून घटप्रभेला आणि तिच्यातून कृष्णेला मिळते, म्हणजे शेजारी पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतात. धबधबा दुरून ऐकू येतो, झऱ्याकडे मात्र मुद्दाम वळावे लागते. आणि मोटारीच्या काचा वर करून घाट चढणाऱ्याला रस्त्याकडेच्या ओघळांचा आवाजही येत नसल्याने, दम खात चढणाऱ्या सायकलस्वाराची बाजू इथवर खरी ठरते.

पण पुरस्कर्ते इथे थांबत नाहीत. त्यांना साधी सायकल नको, जाड दातेरी टायरांची माउंटन बाइक हवी, कारण तिला रस्ता लागत नाही. या सायकलीचे कुळ पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात १९७६ साली ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली, ती चढाची नव्हे तर उताराची. सायकली वर ढकलत किंवा गाडीत घालून न्यायच्या आणि कच्च्या वाटेवरून सुसाट खाली सोडायच्या. पायडल उलटे दाबून लागणारे ब्रेक इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीचे हे नाव. झऱ्याच्या संयमाशी या वंशाचे नाते फारसे नाही, ते धबधब्याच्या घराण्यातले म्हणायला हवे.

खरी अडचण सड्यावर येते. पावसाळ्यात जांभ्याच्या खळग्यांत बोट-दोन बोटे पाणी साचते, आणि २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला, अतिसंकटग्रस्त ठरलेला आंबोली टोड हा बेडूक अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. पेट्रोलचा थेंबही न जाळणारे एक चाक त्या खळग्यातून गेले की हिशेब संपला. मोटार निदान डांबरावर तरी राहते. म्हणजे ‘निसर्गात जाणे’ हा जो गुण मानला जातो तोच इथे दोष ठरतो, आणि सायकलच्या बाजूने सुरू झालेला हा विचार तिला रस्त्यावरच ठेवावे या मतापाशी येऊन पोहोचतो. घाम गाळल्याने चढणाऱ्याचा अहंकार थोडा सुखावतो, परंतु त्यातून वाट सोडण्याचा हक्क मिळत नाही.

हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० साली विज्ञानाला नवा असलेला एक छोटा मासा नोंदवला गेला, त्याला नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. तेथवर जाण्यासाठी डांबरी रस्ता आहे, शेवटचा तुकडा पायी चालायचा आहे; दातेरी टायरांचे काम कुठेच पडत नाही, दूध घालणाऱ्याची साधी सायकलही पुरते.