पुरावा हाती नसताना

इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ असं लिहिलं. जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या योद्ध्यांचा हा पंथ. पुष्कळांनी ते गंमत म्हणून किंवा निषेध म्हणून लिहिलं असणार. पण मनापासून जेडाय मानणारेही आहेत. त्यांच्या एका संघटनेने धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी मागितली आणि २०१६ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने ती नाकारली.

सिनेमातून नवा धर्म निघतो की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. अंतराळयानं आणि परग्रहवासी दाखवणारा चित्रपट पाहून माणसाच्या श्रद्धेत खरी भर पडू शकते का, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. माझ्या मते पडू शकते. मात्र ती पडद्यावरच्या दिव्य प्रकाशामुळे किंवा गूढ शक्तींमुळे पडत नाही. पुरावा हाती नसताना एखादं पात्र कसं वागतं, हे पाहून पडते.

१९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’चा शेवट आठवा. निर्णायक क्षणी नायक ल्यूक नेम साधून देणारं यंत्र बंद करतो आणि ‘फोर्स’ या आतल्या गूढ शक्तीवर भिस्त ठेवतो. नेम अचूक बसतो, शत्रूचा महाकाय तळ फुटतो. प्रसंग थरारक आहे. पण इथे विश्वासाचं फळ लगेच पदरात पडतं. विश्वास ठेवला आणि पुढच्या क्षणाला तो खरा ठरला, तर त्या विश्वासाची परीक्षा झालीच कुठे? नवस बोलणाऱ्याला हवं ते मिळालं की देव पावला, असं आपण म्हणतो. न पावणाऱ्या देवाशी कसं नातं ठेवायचं, हे ‘स्टार वॉर्स’च्या त्या क्षणातून कळत नाही.

ते ‘कॉन्टॅक्ट’मधून कळतं. कार्ल सेगन यांची ही कादंबरी १९८५ ची, तर रॉबर्ट झेमेकिस यांचा चित्रपट १९९७ चा. चित्रपट पडद्यावर येण्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९९६ मध्ये सेगन गेले. त्यातली एली ॲरोवे ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आहे. पुराव्याविना ती काहीच मानत नाही. ‘तुमचा देवावर विश्वास आहे का,’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिल्यामुळे तिची अंतराळप्रवासाची संधीही आधी हुकते. अखेर ती जाते, अभिजित ताऱ्याकडून आलेल्या संदेशावरून बांधलेल्या यंत्रातून. तिच्या अनुभवात ती आकाशगंगेत दूरवर जाऊन येते. पृथ्वीवरच्या लोकांना मात्र ती ज्यात बसली तो गोल यंत्रातून क्षणार्धात सरळ खाली पडलेला दिसतो. ती कुठे गेलीच नाही, असं सगळे म्हणतात.

चौकशी समितीपुढची तिची साक्ष हा या चित्रपटाचा गाभा आहे. हा भ्रम असू शकतो का, असं तिला विचारतात. असू शकतो, हे ती कबूल करते. आपल्या जागी दुसरं कोणी असतं तर आपणही असाच संशय घेतला असता, हेही मान्य करते. तरी आपलं म्हणणं मागे घ्यायला नकार देते. आयुष्यभर इतरांकडे पुरावा मागणारी व्यक्ती आता स्वतः पुराव्याविना उभी आहे आणि तिने बुद्धीही सोडलेली नाही, अनुभवही सोडलेला नाही. श्रद्धेचं याहून स्वच्छ चित्र मला लोकप्रिय सिनेमात दिसलेलं नाही.

कादंबरीचा शेवट वेगळा आहे. तिथे पाच जण प्रवासाला जातात, त्यांत देवी सुखावती ही भारतीय स्त्रीही आहे. परतल्यावर त्यांच्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. पण शेवटी एलीला ‘पाय’ या संख्येच्या अंकांत खोलवर दडलेला एक आकृतिबंध सापडतो, विश्वाच्या रचनेत कोणीतरी केलेल्या सहीसारखा. म्हणजे सेगन यांनी तिला गणिती पुरावा दिला. चित्रपटाने तो काढून घेतला. तिच्यासोबत प्रवासाला गेलेल्या कॅमेऱ्यात नुसती खरखर आहे, पण ती अठरा तासांची आहे, एवढं प्रेक्षकाला कळतं. एलीला ते कोणी सांगत नाही. आपल्याला मिळालेल्या या दिलाशाचा तिच्या निर्णयात वाटा नाही.

पुस्तकातून पडद्यावर येताना असा बदल इतरत्रही झाला आहे. टेड चियांग यांच्या १९९८ च्या कथेवर डेनी व्हिलनव्ह यांनी २०१६ मध्ये ‘अरायव्हल’ केला. परग्रहवासीयांची भाषा शिकता शिकता भाषातज्ज्ञ लुईसला पुढचा काळही दिसू लागतो. आपल्याला मुलगी होईल आणि ती आपल्या देखत जाईल, हे तिला आधीच कळतं. कथेत मुलगी कडा चढताना पडून मरते, त्यामुळे वाचकाचं मन ‘हे टाळता येईल का’ याकडे वळतं. चित्रपटात तिला असाध्य आजार आहे. टाळण्याचा एकच मार्ग उरतो, तिला जन्मच न देणं. लुईस जन्म देते. दुःख चुकणार नाही हे जाणूनही ती त्या आयुष्याला हो म्हणते. शरणागती म्हणजे हतबलता नव्हे, हे कुठल्याही प्रवचनाइतकं स्पष्टपणे तिथे कळतं.

आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘स्टॉकर’ (१९७९) गर्दी खेचणारा सिनेमा नव्हे, पण या मालिकेत तो हवाच. स्त्रुगात्स्की बंधूंच्या मूळ कादंबरीत इच्छा पुरवणाऱ्या सुवर्णगोलापर्यंत नायक पोहोचतो आणि मागणं मागतो. चित्रपटात गोलाच्या जागी एक खोली आहे. वाटाड्या, लेखक आणि प्राध्यापक तिच्या उंबरठ्यापर्यंत जातात. आत कोणीच जात नाही. आपल्या मनात खोलवर नेमकी कोणती इच्छा आहे, याचीच भीती वाटते. घरी परतलेला वाटाड्या खचतो, कारण कोणाचाच कशावर विश्वास उरलेला नाही. मी येते तुझ्यासोबत, असं बायको म्हणते, तर तो तिलाही नेत नाही. तिच्याही बाबतीत काही घडलं नाही तर? या वाटाड्यापेक्षा मला त्याची बायको मोठी वाटते. या माणसाबरोबर दुःख वाट्याला येणार हे माहीत असूनही तिने त्याला निवडलं, आणि तिला त्याचा पश्चात्ताप नाही.

यावर विवेकवादी मित्रांचा आक्षेप येणार, आणि महाराष्ट्रात तो हलक्याने घेता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, ती इथल्याच समाजात. ‘अनुभव’ या नावाखाली इथे बुवाबाजी चालते, लोकांची लूट होते. मग अनुभवावर अडून बसलेल्या एलीचं कौतुक का करायचं? कारण ती चुकीची शक्यता नाकारत नाही, शिष्य गोळा करत नाही, पैसा किंवा आज्ञापालन मागत नाही. उलट पुन्हा दुर्बिणींकडे, शोधाकडे जाते. स्वतःला प्रश्न विचारू देणारी श्रद्धा आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणारी श्रद्धा, यांतला फरक तिच्या वागण्यातून दिसतो. ही कसोटी बुवांनाही लावावी आणि स्वतःलाही.

दुसरा आक्षेप भाविकांचा. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. त्यात साधना नाही, संगत नाही, पिढ्यानपिढ्यांची वाट नाही. हे मला मान्य आहे. वारीत पायी चालल्याने जे अंगी मुरतं, ते खुर्चीत बसून मुरणार नाही. चित्रपट उपासनेची जागा घेऊ शकत नाही. पण उपासना कशासाठी असते, याची आठवण तो देऊ शकतो. विशेषतः ज्यांचं देवळाशी नातं तुटलं आहे आणि तरीही आत काहीतरी रितं वाटतं, अशा पुष्कळांना.

पुरावा हाती नसतानाही टिकणाऱ्या श्रद्धेचं उदाहरण पडद्याबाहेरही आहे. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीने दोन ताऱ्यांकडून काही संदेश येतो का, हे ऐकायला सुरुवात केली. त्याला सहा दशकं उलटून गेली. खात्रीचा एकही संदेश आलेला नाही आणि शोध थांबलेला नाही. एलीचं पात्र ज्यांच्यावरून स्फुरलं, त्या जिल टार्टर यांनी आपली कारकीर्द याच कामात घालवली. संकेत आला असं वाटलं की आधी तो खोटा नाही ना, हे कसून तपासायचं आणि काहीच हाती लागलं नाही तरी पुन्हा कान लावायचा, ही या कामाची शिस्त आहे. ही माणसं स्वतःला भाविक म्हणवणार नाहीत. पण फळाची हमी नसताना रोजचं काम चोख करत राहणं आणि खोट्या उत्तरावर समाधान न मानणं, याहून वेगळं आपण श्रद्धेकडून काय मागतो?

म्हणून अशा चित्रपटांकडे देवाच्या अस्तित्वाचा दाखला मागू नये. तो ते देत नाहीत, आणि द्यायला लागले की उथळ होतात. उत्तर मिळेलच असं नसताना तुम्ही सत्याशी, माणसांशी आणि वाट्याला आलेल्या आयुष्याशी कसे वागाल, एवढंच ते आपल्याला विचारतात. ज्याला हा प्रश्न थिएटरबाहेर पडल्यावरही सोडत नाही, त्याची श्रद्धेची वाट तिथूनच सुरू झाली आहे. पुढचं चालणं मात्र त्यालाच करायचं आहे.